शेगडी घ्यायला जाताना खिशात मॅग्नेट ठेवा

(बेळगावात ट्रेकिंगला जाणाऱ्या मंडळींच्या एका मेळाव्यात केलेलं हे बोलणं. लिहून काढताना थोडं सांधलंय, बाकी बोलल्यासारखंच ठेवलंय.)

नमस्कार मंडळी. मागं उभे आहात ते पुढं या, इथं सतरंजीवर बसा, कारण मला तुम्हाला वस्तू जवळनं दाखवायच्या आहेत आणि त्या बारीक आहेत.

मी उद्यमबागेत एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, 22 वर्षं इन्स्पेक्शनला होते. दिवसभर कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, हातात घ्यायचं, भेग आहे का बघायची, ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, आहे का बघायचा, पास नाहीतर रिजेक्ट. आणि शनिवार-रविवार गल्लीतल्या पोरांना घेऊन गडावर, महिपालगड, पारगड, इकडं राजहंसगड तर कितीदा. त्यामुळं शेगडी बघितली की मी आधी तिचा धातू बघते, जोड बघते, मग रंग आणि किंमत.

खरं हे शहाणपण मला एका रात्री आलं. कलानिधीगडावर आम्ही 14 जण होतो. मी नवीनच एक फोल्डिंगची शेगडी घेतली होती, मुठीत मावेल एवढी, गॅसच्या छोट्या डब्यावर स्क्रू करायची आणि वर तीन पाय उघडायचे. दुकानात बघितलं तर एकदम झकास. मसालेभात टाकला, दोन किलो तांदूळ, पाणी, बटाटे, वाटाणे, पातेल्यासकट आठ-नऊ किलो वजन झालं असेल. पंधरा मिनिटं काही झालं नाही. मग मी झाकण काढून ढवळायला गेले आणि एक पाय हळूच खाली गेला, तुटला नाही, वाकला, मेणासारखा, आणि सगळं पातेलं माझ्या डाव्या बाजूला कलंडलं. बाजूला पोरगी बसली होती, सहावीतली. तिच्या पायापासनं वीतभर लांब तो उकळता भात पडला. वीतभर. अजून ते आठवलं की माझ्या पोटात गोळा येतो. त्या रात्री खाली काळीवड्यात एका घरातनं भाकरी आणि कांद्याचं झुणका मिळालं म्हणून पोरं जेवली.

दुसऱ्या दिवशी कामावर ती शेगडी घेऊन गेले आणि तो पाय बघितला. रिव्हेटपाशी वाकलेला. पत्रा जेमतेम एक मिलिमीटर. आणि मुख्य गोष्ट अशी की दुकानात आपण हातानं दाबून बघतो तेव्हा तो पाय गार असतो. लोखंड लालसर तापलं की त्याची ताकद निम्म्याहून खाली येते, हे मी रोज भट्टीपाशी बघत होते आणि शेगडी घेताना मात्र डोक्यात आलं नाही. पातेल्याखालचे पाय जाळातच असतात. म्हणून माझा हिशोब असा, तुमचं भरलेलं पातेलं जेवढं जड, त्याच्या तिप्पट वजन शेगडीनं गार असताना सहज पेललं पाहिजे. दुकानदाराला सांगा ठेवा जमिनीवर आणि दोन्ही हातांनी अंगाचा भार टाकून बघा. तो नको म्हणाला तर तिथनं निघा.

आता हे मॅग्नेट. दहा रुपयाचं आहे, फ्रिजला लावायचं असतं तसलं. खडेबाजारात गेलं की दुकानदार म्हणतो, अक्का, गट्टी आहे, पितळी बर्नर आहे. गट्टी म्हणजे इथं कन्नडमधली गट्टी, मजबूत, आपल्या कट्टी-गट्टीतली नव्हे. मग मी मॅग्नेट काढते. बर्नरला चिकटलं की तो पितळ नाही, लोखंडावर पिवळा मुलामा आहे, दोन पावसाळ्यात गंजणार आणि भोकं बुजणार. चिकटलं नाही तर पितळ असेल किंवा ॲल्युमिनियम असेल, मग हातात उचलून बघायचं, ॲल्युमिनियम हलकं लागतं आणि नखानं खरवडलं तर आत पांढरं दिसतं. छोट्या शेगडीत बर्नरला पितळच हवं, ॲल्युमिनियम 660 डिग्रीला वितळतं, पितळ 900 च्या आसपास, एवढा फरक आहे. स्टीलच्या बाबतीत मात्र मॅग्नेटवर फार भरवसा नको. 304 ग्रेडचं स्टेनलेस चांगलं, 202 ग्रेडचं स्वस्तातलं, दोन्हीला मॅग्नेट धरत नाही, त्यामुळं न चिकटलं म्हणजे चांगलंच असं समजू नका.

बिडाची शेगडी कशी काय, असं नेहमी विचारतात. मी आयुष्यभर बीडच बघितलंय, मला त्याची माया आहे. घरात बिडाच्या शेगडीसारखं टिकाऊ काही नाही, वजन पेलतं, उष्णता धरून ठेवतं. पण बीड ठिसूळ असतं. गाडीच्या कॅरिअरला बांधून जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्यानं नेलं आणि एक खड्डा चुकला नाही की कान तुटला. बिडाला वेल्डिंग नीट धरत नाही, ते ज्याला येतं असा माणूस शोधावा लागतो. म्हणून जीप-टेम्पोनं जाणार आणि शेगडी गोणपाटात गुंडाळून ठेवणार असाल तर बिडाची घ्या, बाकीच्यांनी लोखंडी अँगलचा स्टँड असलेली सिंगल बर्नर घ्यावी. तो स्टँड वाकला तर कुठलाही फॅब्रिकेशनवाला अर्ध्या तासात सरळ करून देतो. मला टिकाऊ म्हणजे हेच वाटतं. कधीच न मोडणारी वस्तू मी बघितलेली नाही. मोडल्यावर माझ्या गावात दुरुस्त होते का, तिचा वॉशर मला गणपत गल्लीत मिळतो का, हे मी आधी विचारते. बाहेरनं मागवलेली महागडी शेगडी एका ओ-रिंगपायी चार महिने कपाटात पडून राहिलेली मी बघितली आहे.

ही बघा ओ-रिंग. हे काळं, करंगळीच्या नखाएवढं. डबा आणि शेगडीच्या मधला गॅस हाच एवढासा रबर अडवून धरतो. हातात घ्या, दाबा, ही मऊ आहे. आता ही दुसरी, तीन वर्षं जुनी, वाकवल्यावर कडेला बारीक चिरा दिसतात का? ही चिरलेली शेगडीत असेल तर गॅस बाजूनं बाहेर येतो आणि पेटवल्यावर जाळ बर्नरला न लागता खाली डब्याच्या मानेला लागतो. दर सीझनला बदलायची. आणि लीक बघायचं ते साबणाच्या पाण्यानं, फेस लावून, बुडबुडा फुगतो का बघायचं. काडी लावून कुणी बघत असेल तर हात धरा त्याचा.

आता पंपाच्या स्टोचं सांगते, कारण इथं बऱ्याच जणांच्या घरी माळ्यावर असेल. स्वीडनच्या फ्रान्स लिंडक्विस्टनं 1892 मध्ये काढलेला बिनवातीचा स्टो, प्रायमस. 1911 ला आमुंडसेन दक्षिण ध्रुवावर गेला त्याच्याकडं तोच, 1953 ला हिलरी आणि तेनसिंग एव्हरेस्टला गेले तेव्हाही प्रायमसच. आणि आमची आई सौंदत्तीला जायची तेव्हाही तसलाच. मार्गशीर्ष पौर्णिमेला नाहीतर माघ पौर्णिमेला आम्ही यल्लम्माच्या डोंगरावर दोन-दोन रात्री राहायचो, आधी बैलगाडीनं, नंतर ट्रकनं. पुरणपोळ्या करायच्या, पडल्या, म्हणजे देवीच्या परड्या, भरायच्या, सगळं उघड्यावर. बाकीच्यांची तीन दगडांची चूल, धुरानं डोळे लाल, आणि आईचा पितळी स्टो आपला फर्र करत एका जागी पेटलेला. काकडा स्पिरिटमध्ये भिजवून बर्नर आधी तापवायची, मग पंप मारायची, मोजून. पंपातलं चामड्याचं वॉशर सुकलं की त्याला गोडं तेल लावायची. तो स्टो 40 वर्षं चालला, त्यात तीनदा बर्नर बदलला, वॉशर कितीदा ते सांगता येणार नाही.

तरीपण मी तुम्हाला तो घ्या असं सांगणार नाही. एक तर रॉकेल आता सहज मिळत नाही. दुसरं म्हणजे जेट, म्हणजे बर्नरचं ते बारीक भोक, बुजला आणि वरनं पंप मारत राहिलं की रॉकेल उडतं, आणि पदर, ओढणी, नायलॉनची साडी. आमच्या लहानपणी स्टोचा भडका होऊन बाई भाजली ही बातमी पेपरात सारखी असायची. त्यातले सगळेच भडके स्टोचे नव्हते हे आपल्याला माहीत आहे, पण जे होते ते खरंच होते. ज्याला आईसारखा तो स्टो हाताखालचा आहे त्यानं खुशाल वापरावा. नवख्या पोराच्या हातात मी देणार नाही.

मग राहिला गॅस. दोन-तीन माणसं असाल तर छोट्या डब्याची शेगडी ठीक आहे, पण डब्याच्या डोक्यावर बसणारी नको, नळीची घ्या, म्हणजे डबा बाजूला आणि शेगडी जमिनीलगत, पाय पसरलेले. पातेलं खाली राहतं, कलंडत नाही. आणि वारा. येळ्ळूरच्या गडावर संध्याकाळी वारा कसा असतो तुम्हाला माहीत आहे, जाळ आडवा होतो, अर्धा गॅस वाऱ्यालाच जातो, म्हणून पत्र्याचा आडोसा लागतो. डोक्यावरच्या शेगडीला चारी बाजूंनी आडोसा लावला तर आत डबाच तापतो, आणि तापलेला डबा फुटतो. नळीच्या शेगडीला आडोसा फक्त बर्नरभोवती लागतो, डबा बाहेर गार राहतो. या एका गोष्टीसाठी दोन-पाचशे रुपये जास्त गेले तरी घालवा.

थंडीत जाळ का बसतो तेही सांगते. ब्युटेन शून्याच्या जरा खाली, उणे अर्ध्या डिग्रीपर्यंतच गॅस होतो, प्रोपेन उणे 42 पर्यंत होतो. तुम्ही म्हणाल आपल्याकडं कुठं बर्फ पडतोय. पण डब्यातला द्रव गॅस होताना डब्याचीच उष्णता ओढून घेतो, हात लावून बघा, बाहेरनं दव सुटतं. डिसेंबरच्या पहाटे जांबोटीला नुसत्या ब्युटेनचा डबा दहा मिनिटांत मिणमिणायला लागतो. कोमट पाण्याच्या थाळीत ठेवला की पुन्हा उठतो. कोमट म्हणजे कोमट, हात सोसेल एवढंच. हिमाचलला वगैरे जाणार असाल तर प्रोपेन मिसळलेलाच डबा बघून घ्या. आणि घरच्या सिलिंडरमधनं ॲडाप्टर लावून हे डबे भरून देणारे लोक आहेत, त्यांच्याकडं अजिबात जाऊ नका. घरच्या गॅसमध्ये प्रोपेन असतो, त्याचा दाब जास्त, आणि ब्युटेनसाठी केलेला तो पातळ डबा एकदाच वापरायचा असतो.

किती लागतो? लिटरभर पाण्याला उकळी आणायला पंधरा-एक ग्रॅम धरा. तीन किलोवॅटची शेगडी फुल्ल ठेवली तर 230 ग्रॅमचा डबा तासाभरात संपतो. म्हणजे दहा जणांचा भात, आमटी, दोनदा चहा केला की एक डबा गेलाच. दहाच्या वर माणसं असतील तर सरळ पाच किलोचा सिलिंडर घ्या, इंडेनचा छोटू म्हणून मिळतो, ओळखपत्र दाखवलं की देतात. घेताना वरच्या पट्टीवर A, B, C, D यातलं एक अक्षर आणि पुढं साल असतं ते वाचा. A म्हणजे जानेवारी ते मार्च, B म्हणजे एप्रिल ते जून, असं. ती टेस्टिंगची तारीख असते, उलटून गेली असेल तर घेऊ नका. नळी केशरी, सुरक्षा होज, तिच्यावरही तारीख असते. बाजारात लाल रंगाचे बिनशिक्क्याचे छोटे सिलिंडर मिळतात, वरच बर्नर बसवलेला असतो, ते आमच्या ग्रुपमध्ये बंद आहेत. आणि रेल्वेत यातलं काहीही न्यायचं नाही. 2023 च्या ऑगस्टमध्ये मदुराईला यात्रेकरूंच्या डब्यात सिलिंडरनं आग लागली, नऊ माणसं गेली, ती पण आपल्यासारखीच चहा-जेवण करून खाणारी होती.

अजून एक, व्हॉल्व्ह. परदेशी शेगड्या बऱ्याच पाणी उकळायला केलेल्या असतात, एकतर मोठी नाहीतर बंद. आपल्याला भात दमावर ठेवायचा असतो, पिठलं रटरटायचं असतं, मंद आच हवीच. दुकानात पेटवून अगदी बारीक करा आणि हळूच फुंकर मारा. विझली तर ती शेगडी आपल्या स्वयंपाकाची नाही. जेट बुजला तर सुई घालू नका, भोक मोठं होतं आणि मग जाळ पिवळा, पातेलं काळं. उतू गेलेलं त्याच रात्री पुसा, सकाळपर्यंत मुंग्या लागतात.

तंबूत पेटवायची का, असा प्रश्न आत्ता चिठ्ठीवर आलाय. नाही. पाऊस असला तरी नाही. बंद तंबूत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. खानापूरच्या पावसात हाल होतात हे मला कळतं, म्हणून आम्ही एक जास्तीची ताडपत्री नेतो, चार बाजू उघड्या ठेवून बांधतो आणि त्याखाली स्वयंपाक करतो. भीमगडच्या अभयारण्यात मात्र चूल असो की शेगडी, फॉरेस्टवाल्यांना विचारल्याशिवाय काहीच पेटवायचं नाही.

बरं, इथं पाच शेगड्या मांडल्यात, ती वाकलेलीपण आहे. एकेकानं या, दाबून बघा, मॅग्नेट फिरवून बघा. पोरांनो, मागच्या दोन्ही खिडक्या आधी उघडा, मग ही नळीची पेटवते.