दोन सायकल आणि २० ग्रे
पडद्यावर दिसणारा हा जाळीदार मास्क रुग्णाच्या मापाने बनवलेला आहे. गरम पाण्यात मऊ केलेली प्लॅस्टिकची जाळी चेहऱ्यावर आणि मानेवर ताणून बसवली की काही मिनिटांत ती कडक होते, आणि मग रेडिएशनच्या प्रत्येक सिटिंगला मान नेमकी त्याच जागी राहते. गंमत अशी, की हॉजकिन लिम्फोमा या लसिका ग्रंथींच्या कर्करोगाच्या ज्या गाठींसाठी हा खटाटोप चालला आहे, त्या बहुतेकदा केमोथेरपीनेच विरून गेलेल्या असतात.

मग रेडिएशन द्यायचे कशाला?

हॉजकिन लिम्फोमा पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यात असतो, तेव्हा बाधित लसिका ग्रंथी श्वासपटलाच्या एकाच बाजूला असतात. एकेकाळी अशा रुग्णांना मान, काखा आणि छातीचा मधला भाग व्यापणाऱ्या मोठ्या क्षेत्रावर सुमारे ४० ग्रे (ग्रे हे किरणमात्रेचे एकक) रेडिएशन दिले जाई. त्याने अनेक जण बरे झाले; पण पुढे दहा-वीस वर्षांनी त्यांच्यापैकी काहींना हृदयविकार जडला, काहींची थायरॉइड ग्रंथी मंदावली, आणि कोवळ्या वयात उपचार घेतलेल्या स्त्रियांमध्ये स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले.

१९७० च्या दशकात मिलानमध्ये कर्करोगतज्ज्ञ जानी बोनादोना यांनी एबीव्हीडी हे केमोथेरपीच्या चार औषधांचे मिश्रण पुढे आणले. औषधेही निर्धोक नव्हतीच: त्यांतले ब्लिओमायसिन फुप्फुसांना, तर डॉक्सोरुबिसिन हृदयाला इजा करू शकते. म्हणूनच दोन्ही उपचार एकत्र वापरण्यामागचा खरा हेतू मारा वाढवण्याचा नसून दोहोंची मात्रा उतरवण्याचा आहे. जर्मन हॉजकिन अभ्यासगटाने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एचडी-१० चाचणीत, कमी जोखमीच्या रुग्णांमध्ये एबीव्हीडीची दोन सायकल (म्हणजे औषधांच्या दोन फेऱ्या) आणि २० ग्रे रेडिएशन हा उपचार चार सायकल आणि ३० ग्रे इतकाच परिणामकारक ठरला. जोखीम अधिक असल्यास मात्र सहसा चार सायकल लागतात.

शरीरात सक्रिय कर्करोग कुठे उरला आहे हे दाखवणारा पेट स्कॅन आल्यावर पुढचा प्रश्न उभा राहिला: दोन सायकलनंतर स्कॅन स्वच्छ आला, तर रेडिएशन गाळता येईल का? याच गटाच्या एचडी-१६ चाचणीत अशा रुग्णांपैकी पाच वर्षांनंतर आजार न उलटलेल्यांचे प्रमाण रेडिएशनसह ९३.४ टक्के, तर रेडिएशनविना ८६.१ टक्के होते. एकूण जगण्यात मात्र ठळक फरक दिसला नाही, कारण उलटलेल्या आजारावरही उपचार होतात; ते अधिक कठोर असतात आणि कधी मूलपेशी प्रत्यारोपणापर्यंत जातात.

हा सात टक्क्यांचा फरक सर्वांना एकाच तराजूत तोलता येत नाही. पन्नाशीच्या पुरुषाच्या मानेत एका बाजूला गाठ असेल, तर रेडिएशनचे पारडे सहज जड होते. विशीतल्या तरुणीच्या छातीत, हृदयालगत गाठ असेल, तर डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही थांबून विचार करावा लागतो. आता किरण पूर्वीच्या विस्तृत क्षेत्रावर न देता मूळ गाठींच्या जागेपुरतेच देतात. छातीवरील सिटिंगमध्ये रुग्णाला बऱ्याचदा खोल श्वास घेऊन काही सेकंद रोखून धरायला सांगतात, कारण फुप्फुसे फुगली की हृदय किरणांच्या वाटेतून थोडे बाजूला सरकते.