खालच्या चौकटीतला माणूस

(दृश्य: पहाट. मारुतीच्या देवळामागे शेंदराने माखलेला, कमरेइतका उंच दगड.)

आमच्या गावात मारुतीच्या पाठीमागे एक दगड आहे. शनिवारी आजीबरोबर देवळात जायचो. मारुतीला वाहून उरलेलं तेल ती या दगडावर ओतायची. एकदा विचारलं, हा कोण? म्हणाली, "आसंल कोनी तरी आपल्यातलाच. गावासाठी मेला म्हन्तेत." आणि पदराला हात पुसून चालायला लागली.

तो दगड म्हणजे वीरगळ. कानडीत दगडाला कल्लु म्हणतात, त्यावरून आलेलं नाव. चालुक्य-यादवांच्या काळातले असे दगड मराठवाड्यात गावोगाव आहेत. कुठे वेशीपाशी, कुठे बारवेच्या कडेला, तर कुठे बायका त्यावर धुणंही धुतात.

वीरगळ वाचायचा खालून वर. सगळ्यात खाली मरण. तिथे गाई कोरलेल्या असल्या तर समजायचं, गुरं हाकून न्यायला आलेल्यांशी झुंजताना हा पडला. वरच्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून नेताहेत. त्याच्याही वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय. माथ्यावर चंद्र आणि सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती. नाव मात्र बहुतेक दगडांवर कोरलेलंच नाही.

आमच्या दगडावर शेंदराचा थर एवढा जाड की खालची चौकट दिसायचीच नाही. अप्सरा दिसायच्या. मेलेला माणूस नाही.

(दृश्य: अजिंठा, लेणं क्रमांक 26. डाव्या भिंतीवर विजेरीचा उजेड सरकतोय.)

आता अजिंठ्याला या. सव्विसाव्या लेण्यात शिरलं की डाव्या हाताला बुद्ध उजव्या कुशीवर निजलेले आहेत. सुमारे सात मीटर लांबीची मूर्ती, पाचव्या शतकातली. हे महापरिनिर्वाण. माणसं चेहऱ्याचा फोटो काढतात आणि पुढे जातात. तुम्ही तसं करू नका. खाली वाका.

शय्येच्या खाली शिष्य बसलेत, ओळीने. कुणी हातावर डोकं टेकवलंय, कुणाचे खांदे पडलेत. आपल्याकडे मयताच्या घरी ओसरीवर माणसं बसतात ना, न बोलता, अगदी तशी. आणि आता वर बघा. वर देव-गंधर्व आहेत, वाद्यं आहेत, आनंद आहे. एकाच भिंतीवर खाली सुतक आणि वर सोहळा. मधे तो निजलेला चेहरा, ज्याला या दोन्हीशी काही देणंघेणं नाही.

अजिंठ्याच्या भिंतींवर यातना थोड्या नाहीत. दहाव्या आणि सतराव्या लेण्यांत षड्‌दंत हत्तीची जातककथा, म्हणजे बुद्धांच्या पूर्वजन्माची गोष्ट आहे. पारध्याला तो आपले सुळे कापून नेऊ देतो, आणि ज्या राणीने ते मागवलेले असतात तीच ते पाहून कोसळते. पहिल्या लेण्यात शिबी राजा कबुतराच्या बदल्यात अंगाचं मांस तोलून देतो. सतराव्यात तोच शिबी आंधळ्याला आपले डोळे देतो. रक्त फार दिसत नाही. ज्याला दुखतं तो शांत असतो, विव्हळतात ते आजूबाजूचे.

(दृश्य: युरोपातल्या जुन्या चर्चमधली संतांची चित्रं, एकापाठोपाठ एक.)

युरोपातल्या जुन्या चर्चमध्ये गेलात तर हीच मांडणी भेटते. खाली मारेकरी आणि वध. वरून देवदूत उतरतोय, हातात खजुराची फांदी आणि मुकुट. अप्सरेचं काम तिथे देवदूताकडे आहे, एवढाच फरक.

तिथल्या संतांना ओळखायचं कसं? जसा गदेवरून मारुती, तसे तिथले बरेच संत त्यांच्या छळाच्या खुणेवरून ओळखायचे. 258 साली रोममध्ये लॉरेन्सला जाळीवर भाजलं अशी कथा आहे, म्हणून त्याच्या हातात लोखंडी जाळी. कॅथरीनजवळ चाक. लुसीच्या हातात तबक आणि तबकात तिचेच दोन डोळे. शिबीची आठवण येते. बार्थोलोम्यूची कातडी सोलली होती. मायकेलअँजेलोने त्याला स्वतःचीच कातडी कोटासारखी हातात धरून बसवलाय, आणि त्या लोंबत्या कातडीवरचा चेहरा चित्रकाराचा स्वतःचा आहे असं मानतात.

सेबॅस्टियनची गंमत वेगळी. कथेत तो बाणांनी मरतच नाही. आयरीन नावाची बाई त्याची शुश्रूषा करते, तो बरा होतो आणि नंतर सोट्यांनी मारला जातो. पण चित्रांत कायम बाणच. प्लेगच्या साथीत लोकांना वाटायचं की रोग आकाशातून बाणासारखा येतो, म्हणून बाण झेलणाऱ्याचा धावा. शिवाय, खरं सांगायचं तर, चित्रकारांना देखण्या तरुणाचं उघडं अंग रंगवायला ते एक निमित्तही होतं.

आणि येशू? रोममध्ये सांता सबिना नावाचं चर्च आहे. त्याच्या पाचव्या शतकातल्या लाकडी दारावर क्रुसावरच्या येशूच्या अगदी जुन्या प्रतिमांपैकी एक कोरलीय. तिथे येशूचे डोळे उघडे आहेत. हात पसरून उभा, जणू काही झालंच नाही. त्याचे डोळे मिटायला, मान कलायला पुढची कित्येक शतकं लागली.

(दृश्य: ईझेनहाइमचं वेदीचित्र. कॅमेरा बोटांवर थांबतो.)

मग 1512 ते 1516 या काळात ग्र्यूनेवाल्ड नावाच्या जर्मन चित्रकाराने ईझेनहाइमच्या मठासाठी वेदीवरचं एक चित्र केलं. या येशूची बोटं वाकडी होऊन ताठरलीत. पावलं सुजलीत. अंगभर फोड, कातडी हिरवट. पहिल्यांदा बघताना मी नजर काढून घेतली होती.

हा मठ म्हणजे दवाखानाही होता. बाजरीच्या कणसावर येणारा अरगट शेतकऱ्यांना माहीत आहे. त्याच जातकुळीची बुरशी तिकडे राय नावाच्या धान्यावर यायची. ती भाकरीत गेली की हातापायांची आग व्हायची, बोटं काळी पडून झडायची. असे रोगी या मठात यायचे आणि या चित्रासमोर त्यांना आणलं जायचं. म्हणजे समोर क्रुसावर जो होता त्याचं अंग त्यांच्यासारखंच नासलेलं. इथे शांत चेहरा त्यांच्या काय कामाचा होता? हा एक चित्रकार खालच्या चौकटीतून हललाच नाही, असं मला वाटतं.

(दृश्य: दगडी चर्च, बाहेर चिंचेची सावली.)

आपल्याकडे छत्रपती संभाजीनगर आणि जालना ही छावणीची गावं. ब्रिटिश अमदानीत तिथे आलेला पंथ मुख्यतः प्रॉटेस्टंट. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती वसवली, तेही स्कॉटिश मिशनचे. या परंपरेत रक्ताळलेली मूर्ती ठेवत नाहीत. क्रूस असतो, पण रिकामा. ज्याला दुखलं तो उठून गेलाय.

पण मराठी बायबलने तिथे एक शब्द आणून ठेवला. कॅथलिक मंडळी क्रूस म्हणतात, प्रॉटेस्टंट बायबलात येतो वधस्तंभ. मूर्ती काढली तरी वध त्या शब्दात राहिला. गुड फ्रायडेला तो कुणी मोठ्याने वाचला की अंगावर काटा येतो.

(दृश्य: मोहरमची रात्र. सवारी, ऊद, ढोलताशे.)

मराठवाड्यात हे सगळं सांगताना मोहरम सोडून चालणार नाही. इमाम हुसेन करबलात पडले ते 680 साली. त्यांची मूर्ती नाही, चित्र नाही. काठीवर धातूचा पंजा असतो, आणि तो पाहून कुणाला हुसेनच्या भावाचे, अब्बासचे तोडलेले हात आठवतात. कित्येक गावांत सवारी धरणारा माणूस हिंदू असतो. शहीद हा अरबी शब्द, मार्टर हा ग्रीक. दोन्हींचा मूळ अर्थ एकच, साक्षीदार. आपला हुतात्मा वेगळा. त्याने स्वतःची आहुती दिलेली असते. 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, स्मारकापाशी झेंडा चढतो तेव्हा आपण हाच शब्द वापरतो.

(दृश्य: पुन्हा मारुतीचं देऊळ. पाऊस थांबलाय.)

एका पावसाळ्यात आमच्या दगडावरचा शेंदराचा थर निसटून पडला. अख्खा, ढलप्यासारखा. आतून खालची चौकट उघडी झाली. तीन गाई. त्यांच्या पायांशी आडवा पडलेला एक माणूस, एक हात अजून वर उचललेला. चेहरा झिजून गुळगुळीत झालेला.

आजी तोवर गेली होती. मी मोबाइलवर दोन फोटो काढले. पुढच्या शनिवारी गेलो तर कुणीतरी दगडाला नवा शेंदूर लावून ठेवला होता, आणि खाली तेल अजून ओघळत होतं.