जुनापाणीची शिलावर्तुळे

श्रोतेहो, नमस्कार. नागपूरहून काटोल रस्त्याने निघाले की शहर जेमतेम मागे पडते, तोच जुनापाणीचे झुडपी जंगल लागते. या परिसरात मोठमोठ्या धोंड्यांची सुमारे ३०० वर्तुळे आहेत. ही लोहयुगातल्या माणसांची दफने असून ती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली आहेत. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्ये त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हापासून ती अभ्यासकांना परिचित आहेत.

पाहणाऱ्याची नजर कडेच्या धोंड्यांवर खिळते. खरा ऐवज मात्र मधल्या ठेंगण्या उंचवट्याखाली असतो. मृताच्या अस्थींजवळ काळी-तांबडी मडकी आणि लोखंडी हत्यारे ठेवून त्यावर माती, मुरूम आणि गोटे यांची भर घातली जाई. विदर्भात अशा अनेक ठिकाणी उत्खनने झाली, त्यांत डॉ. शां. भा. देव यांचे काम मोलाचे आहे. माहुरझरीला माणसांबरोबर पुरलेले घोडे आणि त्यांच्या तोंडावर चढवलेले तांब्याच्या पत्र्याचे अलंकार मिळाले. पेंच नदीकाठच्या नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच उजेडात आली, म्हणजे थडग्यांतली हत्यारे घडवण्याची विद्या याच मुलखात नांदत होती.

जुनापाणीच्या काही धोंड्यांवर वाटीसारखे लहान खळगे ओळीने कोरलेले आहेत. ते असलेले धोंडे वर्तुळाच्या ठरावीक दिशांना आढळतात, असे दिसल्यावर त्यांचा सूर्य-ताऱ्यांशी काही संबंध असावा का, याचा शोध संशोधकांनी घेतला. धोंडा जरासा सरकवला तरी हा पुरावा कायमचा पुसला जातो, आणि बांधासाठी, रस्त्यासाठी धोंडे उचलले जातात तेव्हा नेमके हेच घडते. मृतांच्या स्मरणार्थ दगड उभा करण्याची रीत भामरागडच्या माडिया समाजात आजही आहे. ती पाहिल्यावर या धोंड्यांना बेवारस दगड म्हणणे मला पटत नाही.

विदर्भातल्या शेतकरी श्रोत्यांना म्हणूनच एक विनंती आहे. आपल्या वावरात किंवा गावच्या पडीक रानात दगडांचे असे कडे आणि मधोमध गोट्यांचा उंचवटा दिसला, तर तिथे नांगर किंवा जेसीबी घालण्यापूर्वी तलाठ्यांना आणि पुरातत्त्व विभागाला कळवा, आणि ते येईपर्यंत एकही धोंडा जागचा हलवू नका.