दगडफुलावर पोसलेला पतंग

श्रोतेहो, नमस्कार. गोड्या मसाल्यातलं दगडफूल तुम्हाला ठाऊकच आहे. विकतच्या मसाल्यात ते हल्ली नावालाच असतं, पण ते असो. जांभ्याच्या चिऱ्यावर, आंब्याफणसाच्या सालीवर जे राखाडी-हिरवट पापुद्रे दिसतात, ते या दगडफुलाचेच भाऊबंद. बुरशी आणि शैवाल एकत्र नांदतात, त्यातून ते तयार होतात. आणि हेच पापुद्रे खाऊन वाढतो आपला आजचा पाहुणा, सायना नावाचा पतंग. पांढरे पंख, त्यांवर लाल-शेंदरी पट्टे, मधे काळे ठिपके. याच्या बऱ्याच जाती आहेत; त्यातल्या सायना पुएला या जातीचं वर्णन ड्रू ड्रूरी या इंग्रजाने 1773 सालीच करून ठेवलंय.

आता आंबोलीची गोष्ट. मावशीकडे पावसाळ्यात गेलो होतो. रात्री वीज गेलेली, पडवीच्या भिंतीवर बॅटरी मारली, तर एक केसाळ सुरवंट स्वतःचेच लांब केस उपटत होता! उपटायचा आणि रेशमाने चिकटवायचा. केसाला केस जोडून थरावर थर चढवत होता. मावशी केरसुणी घेऊन आली. म्हणाली, "ह्यां कोळ्याचां जाळां." मी म्हटलं, "मावशी, सकाळपर्यंत थांब." ती पुटपुटत आत गेली.

सकाळी पाहतो तर चौकटी-चौकटींचा पिंजरा तयार. आरपार दिसणारा. पुन्हा सांगतो, स्वतःच्या केसांचा पिंजरा! मधोमध कोष अधांतरी टांगलेला. मुंगीला त्याच्यापर्यंत पोचायला आधारच नाही. सुरवंटाची कात तेवढी पिंजऱ्याबाहेर ढकललेली. मावशीने डोळे बारीक करून बघितलं आणि विचारलं, "आणि ह्येका दार खंय?"

त्या भिंतीला रंग नव्हता, म्हणून हे सगळं घडलं. देवळांच्या काळ्या दगडाला ऑइलपेंट फासणाऱ्यांना कुणीतरी आवरा हो! पापुद्र्यांना उघडा दगड हवा, साल हवी, ओल हवी आणि स्वच्छ हवा हवी. हवेत गंधकाचा धूर वाढला की त्यातले नाजूक प्रकार आधी मरतात. पापुद्रे गेले की सुरवंटाचं जेवणच गेलं.

पिंजरा शोधायचा तर पावसाळ्यात जुना गडगा, म्हणजे दगड रचून केलेलं कुंपण, बघा, झाडाची साल बघा. बॅटरी समोरून मारू नका, बाजूने धरा. समोरच्या उजेडात ते केस दिसतच नाहीत.