भिंतीपलीकडचा वक्ता

नमस्कार श्रोतेहो.

मार्च १९६६. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचं चॅपेल हिल इथलं आवार. कडेला दगडी भिंत, पण उंची किती, तर तिच्यावर आरामात बसता यावं एवढीच. अलीकडे शेकडो विद्यार्थी, आणि पलीकडे फुटपाथवर उभं राहून त्यांच्याशी बोलणारा एक माणूस, नागरी स्वातंत्र्यासाठी लढणारा कार्यकर्ता फ्रँक विल्किन्सन. काही दिवसांनी त्याच जागी कम्युनिस्ट इतिहासकार हर्बर्ट ॲप्थेकर. दोघांनाही आत बोलायला मनाई झाली होती. कम्युनिस्ट पक्षाच्या सभासदानं सरकारी विद्यापीठात भाषण करायचं नाही, असा कायदाच राज्यानं १९६३ साली केला होता. पण फुटपाथ काही विद्यापीठाचा नव्हता! वक्ता बाहेर, श्रोते आत, आणि भाषण झालं. पुढे विद्यार्थी न्यायालयात गेले आणि १९६८ साली तो कायदा रद्द झाला.

मला ही भिंत आवडते. तिथं बंदी निदान डोळ्यांना दिसत होती. कोणी घातली, कोणत्या कायद्यानं घातली, सगळं समोर. आता वादग्रस्त राजकीय वक्त्याला तोंडावर 'नको' म्हणण्याची गरजच उरलेली नाही. बंदोबस्ताचा खर्च आयोजकांनी भरावा, मोठं सभागृह त्या दिवशी रिकामं नाही, सकाळची वेळ चालेल का, एवढं पत्रानं कळवलं की पुरतं. विद्यार्थी मंडळाच्या खात्यात एवढे पैसे कुठून असणार? कार्यक्रम बारगळतो आणि बंदी घातल्याचा ठपका कोणावरच येत नाही.

आता, हा खर्च खोटा असतो असं नाही. बर्कलीचं विद्यापीठ घ्या. १९६४ साली भाषणस्वातंत्र्याच्या चळवळीत तिथल्या विद्यार्थ्यांनी पोलिसांची गाडी अडवून तिच्या टपावरून भाषणं केली होती, तीही गाडी खराब होऊ नये म्हणून बूट काढून. त्याच आवारात फेब्रुवारी २०१७ मध्ये उजव्या विचारांचे वादग्रस्त वक्ते मायलो यानोपोलस बोलणार म्हणून तोडफोड झाली. नुकसान सुमारे १ लाख डॉलरचं, आणि भाषण रद्द. सप्टेंबरात उजव्या विचारांचेच भाष्यकार बेन शापिरो आले, तेव्हा भाषण पार पडलं, पण बंदोबस्ताला सुमारे ६ लाख डॉलर लागले. एका संध्याकाळचे! एवढ्या पैशांत किती विद्यार्थ्यांची फी भरली गेली असती, असं कोणी विचारलं तर तो प्रश्न रास्तच आहे.

तरीही हे बिल वक्त्याच्या किंवा त्याला बोलावणाऱ्यांच्या माथी मारू नये, असं माझं मत आहे. कारण मग ज्याला भाषण बंद पाडायचंय, त्यानं फक्त दंग्याची धमकी द्यायची. धमकी जेवढी मोठी, तेवढं बिल मोठं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९२ साली जॉर्जिया राज्यातल्या एका खटल्यात हेच म्हटलं होतं: लोक किती चिडतील याचा अंदाज बांधून सरकारी यंत्रणेला शुल्क ठरवता येणार नाही. त्या खटल्यातली संघटना गोऱ्यांच्या वर्चस्वाचा पुकारा करणारी होती. मला तिच्याबद्दल काडीचंही प्रेम नाही, पण निकाल पटतो.

मग अशा वक्त्याला उत्तर कोणी द्यायचं? सप्टेंबर २००७ मध्ये कोलंबिया विद्यापीठानं इराणचे अध्यक्ष अहमदीनेजाद यांना बोलावलं. विद्यापीठाचे अध्यक्ष ली बोलिंजर यांनी प्रास्ताविकातच पाहुण्याला क्षुद्र आणि क्रूर हुकूमशहा ठरवलं. आपणच बोलवायचं आणि त्यानं तोंड उघडण्याआधी आपणच झोडायचं, हे मला तेव्हाही खटकलं होतं. पाहुण्यालाही आयती तक्रार मिळाली. पण पुढे प्रश्नोत्तरांत समलिंगी व्यक्तींच्या छळाचा विषय निघाला आणि अहमदीनेजाद म्हणाले, तुमच्या देशासारखे समलिंगी आमच्याकडे नाहीतच. सभागृहात हशा पिकला. बोलिंजरांच्या लांबलचक प्रास्ताविकाला जे जमलं नाही, ते त्या एका हशानं केलं.

म्हणून माझ्या हातात असतं, तर अशा कार्यक्रमाला एकच अट घातली असती. भाषणाला जेवढा वेळ, तेवढाच प्रश्नांना. प्रश्न आधी चिठ्ठीवर मागवायचे नाहीत. आणि पहिला माइक, दारात निषेधाचे फलक घेऊन उभे आहेत ना, त्यांच्यापैकी एकाच्या हातात.