मते न मोजता झालेला निर्णय : फिलाडेल्फियाचे क्वेकर आणि गुलामगिरी

क्वेकर हा ख्रिस्ती धर्मातला एक पंथ. क्वेकर म्हटले की गुलामगिरीविरोधी चळवळ आठवते, आणि ते बरोबरच आहे. पण अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियातील फिलाडेल्फियाच्या क्वेकरांना आधी स्वतःच्या घरातले गुलाम मुक्त करावे लागले आणि त्याला ८८ वर्षे लागली. आज बोलायचे आहे ते या ८८ वर्षांबद्दल.

१६८८ साली फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउनमध्ये चार जणांनी एका निषेधपत्रावर सह्या केल्या. त्यांचा मुद्दा साधा होता. चोरीचा माल घेणे पाप मानता, मग चोरून आणलेली माणसे विकत कशी घेता? पत्र क्वेकरांच्या स्थानिक मासिक सभेत गेले. विषय आपल्या आवाक्याबाहेरचा आहे म्हणून तिने ते वरच्या त्रैमासिक सभेकडे धाडले आणि तिथून ते सर्वांत वरच्या, बर्लिंग्टनच्या वार्षिक सभेपुढे पोचले. वार्षिक सभेने त्यावर निर्णय देण्याचेच टाळले.

हे समजायला त्यांच्या सभेची रीत पाहावी लागते. आपल्याकडे हात वर होतात, मोजले जातात, ठराव मंजूर होतो. क्वेकरांत मतदान नाही. सभा शांततेने सुरू होते. चिटणीस विषय मांडतो. ज्याला बोलायचे तो उभा राहतो, बोलून खाली बसतो; मध्ये पुन्हा शांतता. सभेचा कल कुठे आहे हे ओळखून चिटणीस तिथेच नोंद लिहितो आणि वाचून दाखवतो. कोणाला ती पटली नाही तर दुरुस्ती होते. तरीही एकमत झाले नाही तर विषय पुढच्या सभेवर जातो. नोंद सर्वांसमोर लिहिलेली असल्यामुळे ‘असे ठरलेच नव्हते’ म्हणायला नंतर जागा उरत नाही, ही या पद्धतीची ताकद.

तिचे दुखणेही इथेच आहे. सभेत वजनदार माणसांच्या शब्दाला जास्त किंमत असे, आणि त्यांतल्या अनेकांच्या घरी गुलाम होते. अशा मोजक्या माणसांनी मान हलवली नाही की घोंगडे भिजत पडे. १६९६ मध्ये वार्षिक सभेने एवढेच सुचवले की नवे गुलाम आणायला उत्तेजन देऊ नका. सल्ला होता, शिक्षा नव्हती. व्यवहार चालूच राहिले.

१७३८ मध्ये गुलामगिरीचा कट्टर विरोधक बेंजामिन ले सभेत पोकळ केलेले पुस्तक घेऊन आला. आत तांबड्या रसाची पिशवी होती. त्याने पुस्तकात तलवार खुपसली आणि तो रक्तासारखा रस आसपासच्यांवर उडाला. ‘गुलाम ठेवणारा आपल्या भावाचे रक्त सांडतो’ हे त्याला दाखवायचे होते. अशा निषेधांपायी क्वेकरांनी त्याला आपल्यातून काढून टाकले.

जॉन वुलमन या दुसऱ्या क्वेकराची वाट निराळी. तरुणपणी ज्याच्याकडे तो नोकरीला होता त्याच्या सांगण्यावरून त्याने एका गुलाम स्त्रीचे विक्रीखत लिहिले आणि लिहितानाच ‘हे धर्माला धरून नाही’ असे बोलून दाखवले. पुढे ज्या मृत्युपत्रात गुलाम वारसाला जात, ते लिहायला तो नकार देऊ लागला. लिखाणाचे पैसे बुडत, पण समोरच्याला कारण विचारणे भाग पडे. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या प्रवासात गुलाम ठेवणाऱ्यांच्या घरी मुक्काम झाला की तो तिथल्या गुलामांसाठी चांदीची नाणी ठेवून जाई. यजमानाला न दुखावता त्याच्या पाहुणचाराची खरी किंमत कोण मोजतो, हे त्याच्याच दारात दाखवायची ही रीत मला फार मोलाची वाटते.

१७५८ मध्ये वार्षिक सभेने ठरवले की गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्याला कामकाजाच्या सभेत जागा नाही आणि त्याची देणगीही घ्यायची नाही. सोबत एक समितीही नेमली. वुलमन तिच्यात होता. ही माणसे गुलाम असलेल्या घरोघरी जात आणि मालकाशी समोरासमोर बोलत. १७७६ मध्ये नियम झाला : गुलाम मुक्त न करणाऱ्याचे सदस्यत्व रद्द.

मग कागदपत्रांचे काम आले. मुक्तिपत्रांची नोंदवही ठेवली गेली. मूल असेल तर ते कधी मुक्त होणार हेही लिहीत. बहुधा मुलगी १८ व्या वर्षी, मुलगा २१ व्या. पेन्सिल्व्हेनियात १७२६ च्या कायद्याने मुक्त करणाऱ्याला ३० पौंडांचा जामीन द्यावा लागे, त्यामुळे मनात असूनही अनेक जण कचरत. दक्षिणेकडच्या नॉर्थ कॅरोलायनात तर मुक्त केलेल्यांना पकडून पुन्हा विकण्याचा कायदा होता. म्हणून तिथल्या वार्षिक सभेने १८०८ पासून विश्वस्तांच्या नावावर गुलाम घेतले. कागदावर मालकी सभेची, प्रत्यक्षात माणूस आपला मोकळा.

मुक्ती झाली, पण बरोबरीने बसायची जागा मिळाली नाही. फिलाडेल्फियाच्या आर्च स्ट्रीट सभागृहात कृष्णवर्णीयांसाठी वेगळा बाक होता. सारा डग्लस ही कृष्णवर्णीय शिक्षिका लहानपणी आईबरोबर तिथे जाई. १८३७ मध्ये तिने लिहिले की ‘हा बाक काळ्यांचा आहे’ हे शब्द तिने तिथे पुन्हा पुन्हा ऐकले होते.