पाकोळ्यांसाठी एक फट

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांत तुळई आणि तक्तपोशी यांच्यामध्ये बारीक फटी राहत, आणि पाकोळ्या, म्हणजे लहान वटवाघळे, दिवसभर त्या फटींत अंग चोरून झोपत. वाडे उतरवून सिमेंटच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांना तशा फटी उरल्या नाहीत. परसात आपण बसवणार आहोत ती पेटी म्हणजे ती हरवलेली फटच आहे. उंच झाडांवर उलटी लटकणारी मोठी, फळे खाणारी वटवाघळे तिच्यात येणार नाहीत. ही पेटी आहे डास आणि पतंग टिपणाऱ्या, मुठीत मावतील एवढ्या पाकोळ्यांची.

पेटी सुमारे ६० सेंटिमीटर उंच आणि ३५ सेंटिमीटर रुंद असावी, पण खरे माप आतले आहे. दोन फळ्यांमधले अंतर दोन सेंटिमीटरच्या आसपास हवे, कारण पाठ आणि पोट दोन्हीकडून टेकले तरच पाकोळीला सुरक्षित वाटते. लेंड्या खाली पडाव्यात म्हणून तळ उघडा ठेवावा, आणि उतरायला जागा मिळावी म्हणून मागची फळी १० ते १५ सेंटिमीटर खाली येऊ द्यावी. सुतार सवयीने आतल्या बाजूलाही रंधा मारू लागतो. त्याला तिथेच थांबवावे. आतली फळी खरखरीत ठेवून तिच्यावर करवतीने बोटाबोटाच्या अंतराने उथळ आडव्या खाचा पाडाव्यात. पाकोळी आपल्या अंगठ्याची आणि मागच्या पायांची नखे याच खाचांत अडकवते.

थंड देशांतले आराखडे पेटी गडद रंगवून उन्हात ठेवायला सांगतात. आम्हीही पहिल्या खेपेस तसेच केले, आणि ती चूक होती. मे महिन्यात इथला पारा ४० अंशांच्या वर जातो; त्या उन्हात गडद पेटीची भट्टी होते आणि आतला जीव होरपळतो. म्हणून बडोद्यात पेटी बाहेरून पांढरी असावी, दुपारनंतर सावलीत जाणाऱ्या पूर्वेकडच्या भिंतीवर चार-पाच मीटर उंच बसवावी, आणि हवा खेळण्यासाठी पुढच्या फळीत, खालून साधारण एकतृतीयांश उंचीवर, आडवी चीर ठेवावी. दोन-तीन कप्पे केले तर उकाडा वाढताच पाकोळ्यांना आतल्या आत सरकता येते. झाडावर मात्र पेटी टांगू नये. फांद्या वाट अडवतात आणि मांजर सहज वर चढते.

पाकोळ्या पकडून पेटीत सोडायच्या नसतात, त्यांना उघड्या हाताने शिवायचेही नसते. त्या आपणहून येतात, कधी वर्ष-दोन वर्षांनी. तोवर रोज सकाळी भिंतीखालची फरशी पाहावी. तांदळाएवढी काळी लेंडी दिसली, तर काडीने दाबून पाहावी. उंदराची लेंडी सुकून टणक होते, पाकोळीची मात्र लगेच भुगा होते, आणि त्या भुग्यात किड्यांच्या पंखांचे कण चमकतात.